हातांवर बसणारे अण्णा

रोज दुपारी चार वाजले की आमचे अण्णा स्वतःच्या हातांवर बसतात. अगदी खरोखर बसतात. ओसरीतल्या लाकडी खुर्चीत टेकायचं, दोन्ही तळहात मांड्यांखाली सरकवायचे आणि पाच वाजेपर्यंत हलायचं नाही. नाकावर माशी बसली तर फुंकर मारतात. फुंकरीनं उडाली नाही तर बसू देतात. नव्या माणसाला वाटतं, म्हाताऱ्याला थंडी वाजत असेल. पण सेलूच्या मे महिन्यात थंडी कोणाला वाजते?

अण्णा म्हणजे माझे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. त्यांची सगळी उमर जिनिंगच्या कारखान्यात कापूस पारखण्यात गेली. चिमूटभर रुई दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायची आणि धागा किती लांब, ओल किती, भेसळ किती, ते सांगून टाकायचं. गाडीत कोपरापर्यंत हात घालायचे आणि म्हणायचे, "बोरी गावचा माल हाय. वरून कोरडा, आत पाणी मारलेला." गाडीवाला खाली मान घालायचा. त्यांच्या हातांचा गावात दरारा होता.

रिटायर झाल्यावर त्या हातांना काम उरलं नाही. मग अण्णा वायदेबाजारात उतरले. पुढच्या महिन्यातल्या मालाचा सौदा आज करायचा, माल घरी आणायचा नाही, भाव वर-खाली होईल तसा नफा किंवा तोटा घ्यायचा, असा तो धंदा. अण्णांनी माल निवडला सरकी पेंडीचा. सरकीचं, म्हणजे कापसाच्या बीचं, तेल काढल्यावर जी उरते आणि म्हशींना घालतात, ती पेंड. आमच्या घरात म्हैस कधीच नव्हती. शेजारच्या कौसाबाईकडं आहे. अण्णांनी पेंड घेतली असं कानावर आलं की ती कुंपणाशी येऊन उभी राहायची.

"दहा टन घेतली म्हणं अण्णांनी. एक पोतं द्या की उसनं."

मी खुणेनं सांगायची, पेंड घरात नाही. ती ओसरीत डोकावायची, माळ्याकडं बघायची आणि जाताना म्हणायची, "लपवली असंल कुठंतरी."

सुरुवातीला अण्णा स्वतःच्या अकलेनं सौदे करायचे. चुडाव्यापर्यंत रेल्वेनं जाऊन रानातली बोंडं बघून यायचे, आभाळ बघायचे, मोंढ्यात, म्हणजे धान्य-कापसाच्या बाजारात, चार जणांशी बोलायचे आणि मग फोन लावायचे. सौदा फसायचा. कारणं मात्र प्रत्येक वेळी बरोबर असायची.

मग ते नांदेडला एका वर्गाला गेले. तिथं कोण्या सरांनी त्यांना यंत्रासारखी पद्धत शिकवली. पडद्यावर दोन रेघा असतात. निळी रेघ संथ चालते, लाल रेघ चपळ. लाल रेघ निळीच्या वर गेली की घ्यायचं. खाली आली की विकायचं. बाकी काही बघायचं नाही, ऐकायचं नाही, विचार तर मुळीच करायचा नाही. सर म्हणाले म्हणे, बाजाराला तुमचं मत कळत नाही, मग तुम्ही ते बाळगता कशाला?

अण्णांवर या बोलण्याचा फार परिणाम झाला. परत आले ते वेगळेच होऊन आले. चहात साखर कमी आहे का असं आमच्या ह्यांनी विचारलं तर म्हणाले, "मत न्हाई माझं. किती चमचे घालायची ते ठरवा, तेवढी घाला." भाजीबाजारातसुद्धा नियम लावला. पहिल्या दुकानाचा भाव विचारायचा, तिसऱ्याचा विचारायचा. तिसऱ्याचा चढा असला तर पहिल्याकडून घ्यायचं. नेमकी पहिली बसायची ती भोपळेवाली. आठवडाभर आमच्याकडं भोपळा आला. आमचे हे ताटावर बसून म्हणाले, "अण्णा, उद्या उलट्या बाजूनं बाजारात शिर." अण्णा म्हणाले, "नियम बदलायचा असंल तर पुढच्या महिन्यात. चालू महिन्यात न्हाई."

वादविवादालाही त्यांनी तोटा आवरायचा नियम लावला. समोरचा तीन वाक्यं बोलला आणि काही पटलं नाही की उठायचं. गफूरभाई हे त्यांचे जिनिंगमधले जुने सोबती, कापसाचे दलाल. ते एकदा हैदराबादच्या प्रवासाचा किस्सा सांगत होते. अण्णा मध्येच उठून आत गेले. गफूरभाई बराच वेळ रिकाम्या खुर्चीशी बोलले आणि मग आमच्या ह्यांना म्हणाले, "बाळूमियाँ, तुमचे भाई आदमी राहिले न्हाईत, मशीन होऊन गेले."

सगळ्यात मजा पेढ्यांची. सौद्यात नफा झाला की अण्णा गप्प. तोटा झाला की पेढे आणायचे. नियम पाळून तोटा घेतला म्हणून. गल्लीला उलटंच वाटायचं. त्या पावसाळ्यात रेघांनी लय छळलं. घेतलं की भाव पडायचा, विकलं की चढायचा, आणि आमच्या घरी पेढ्यांवर पेढे. कौसाबाई पेढा तोंडात टाकून म्हणायची, "भाग्यवान हाव बाई तुमी."

मी यात कशी आले ते सांगायला हवं.

आमच्या घरात धाकट्या सुनेनं भासऱ्यांशी समोरासमोर बोलायची रीत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. अडचण मात्र कधी झाली नाही, कारण मध्ये जाऊबाई होत्या. मी जाऊबाईंना सांगायचं, जाऊबाईंनी अण्णांना सांगायचं. अण्णांचं उत्तर त्याच रस्त्यानं परत यायचं. कधीकधी आम्ही तिघं एकाच खोलीत असायचो, तरी बोलणं जाऊबाईंकडूनच फिरून जायचं. "ती म्हणती, भाकरी अजून एक घ्या." "तिला सांग, पोट भरलं." जाऊबाई दोन्हीकडची वाक्यं थोडी गोड करून पोचवायच्या.

त्या वारल्या आणि हा रस्ताच बंद झाला. आमचे हे दिवसभर कटलरीच्या दुकानात. घरात अण्णा आणि मी. जेवण वाढलं की मी पितळी ताटलीवर डाव वाजवायची, ते येऊन जेवायचे. त्यांना चहा हवा असला की ते भिंतीकडं बघून म्हणायचे, "चहा झाला तर बरं होईल." भिंतीला ऐकू गेल्यासारखं मी चहा ठेवायची.

नांदेडहून आल्यावर अण्णांनी माझ्या नवऱ्याला समोर बसवलं. "बाळू, रेघा बघायला एक माणूस लागतं. मी बघितल्या की माझं मत व्हायलाय. मत झालं की हात फोनकडं जायलाय. ज्याला मतच न्हाई असं माणूस पायजे. आपल्याकडं एकच हाय."

"कोण?"

"तुझ्या घरातून."

आमचे हे एवढे हसले की ठसका लागला. "तिला मत न्हाई? आमच्या खोलीच्या दाराशी येऊन ऐक एकदा."

अण्णांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि त्यांना रेघा समजावून सांगायला लागले, पण एवढ्या मोठ्यानं की स्वयंपाकघरात मला ऐकू यावं. "पावणेपाच वाजले की बघायचं. लाल वर गेली, एकदा वाजवायचं. लाल खाली आली, दोनदा. काहीच झालं न्हाई तर चहा टाकायचा."

"मला कामून सांगायलास? मला दुकान हाय."

"तुला न्हाई सांगत. तू नुसता बसून राहा."

तेव्हापासून माझं ते काम झालं. मधल्या खोलीत शिलाई मशीनच्या फळीवर विनायकचा जुना लॅपटॉप असतो. विनायक म्हणजे अण्णांचा मुलगा, पुण्याला नोकरीला. माझी शाळा चौथीपर्यंतची, पण लाल कुठली आणि निळी कुठली हे बघायला तेवढी पुष्कळ झाली. पाठमोरे अण्णा ओसरीत हातांवर बसलेले असायचे. मी एकदा वाजवलं की ते एक हात सोडवून परभणीच्या दलालाच्या ऑफिसात फोन लावायचे, "घ्या." तिकडचा माणूस सवयीनं काहीतरी सांगायला लागायचा. अण्णा म्हणायचे, "मत मागितलं न्हाई साहेब. घ्या म्हणलं की घ्यायचं."

दिवाळीला विनायक आला. त्याला हा सगळा प्रकार पसंत नव्हता. त्याच्या मनात अण्णांना पुण्याला न्यायचं होतं. तिकडं लिफ्ट आहे, बाग आहे, दवाखाना जवळ आहे. अण्णांना सेलू सोडायचं नव्हतं, पण तसं ते तोंडानं म्हणत नव्हते. त्यांच्या नियमात ते मत झालं असतं.

विनायक हुशार. त्यानं अण्णांना त्यांच्याच पद्धतीनं पकडलं. म्हणाला, "अण्णा, होळीपर्यंत. नफा होवो, तोटा होवो, मी विचारणार नाही. पण एकदा जरी तुम्ही नियम मोडलात तर लॅपटॉप बंद, आणि बॅग भरून माझ्याबरोबर यायचं."

"आणि न्हाई मोडला तर?"

"तर पुण्याचं नाव काढणार नाही."

"मोडला का न्हाई ते कोण सांगणार?"

"काकू सांगेल. काकू खोटं बोलत नाही."

"ती बोलतच न्हाई," अण्णा म्हणाले.

पण पैज ठरली. विनायकला खात्री होती. ज्या माणसाचा कापसावर मत दिल्याशिवाय एक दिवस गेला नाही, तो चार-पाच महिने गप्प बसेल कसा? मला मात्र काळजी वाटायला लागली. अण्णांची खुर्ची ओसरीतून गेली तर ओसरी कशी दिसेल, ते डोळ्यांपुढं यायचं.

माघात अवकाळी पाऊस आला. रात्रीपासून पत्रे वाजत होते. रानात शेवटच्या वेचणीचा कापूस होता, तो जागेवर भिजला. मोंढ्यात एकच बोलणं, सरकी काळी पडणार, पेंडीचा तुटवडा होणार, भाव आभाळाला भिडणार. अण्णांकडं त्या वेळी घेतलेली पेंड होतीच. सगळं त्यांच्या बाजूनं चाललेलं. कौसाबाईसुद्धा कुंपणावरून म्हणाली, "आता तरी काढा की पोतं बाहेर."

दुपारी गफूरभाई भिजत आले. रुमालात ओली सरकी बांधून आणलेली. अण्णा हातांवर बसले होते. गफूरभाईंनी रुमाल त्यांच्या मांडीवर सोडला.

"बोरीचा माल हाय. जरा देखो. मत नका देऊ, सिर्फ देखो."

अण्णांनी बराच वेळ नुसतं बघितलं. मग उजवा हात बाहेर आला. मग डावा. त्यांनी सरकी चिरडली, वास घेतला, बोटांवर चोळली. आणि मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता तो आवाज ऐकला, जिनिंगमधल्या अण्णांचा.

"गेली ही. कोंब फुटायलाय हिला. घाण्यात घालायच्या लायकीची न्हाई. गफूर, महिन्याभरात पेंड मिळणार न्हाई कुणाला."

"वहीच तो बोलतोय मैं. अजून घेऊन टाका."

पावणेपाच झाले. मी पडद्याकडं पाहिलं. लाल रेघ निळीच्या खाली उतरलेली होती. बाहेर धो धो पाऊस, आणि पेंडीचा भाव पडत होता. मला वाटलं माझीच चूक होते आहे. डोळे पुसून परत पाहिलं. खालीच होती. मी ताटलीवर दोनदा वाजवलं.

अण्णा उठले नाहीत. पत्र्यांच्या आवाजात ऐकू गेलं नसेल म्हणून मी परत, जरा जोरात, दोनदा वाजवलं.

"आज राहू द्या," अण्णा भिंतीकडं बघून म्हणाले. "आज यंत्राला पाऊस दिसायला न्हाई."

गफूरभाई मांडी थोपटून म्हणाले, "अब आए रास्तेपर."

अण्णांनी फोन लावला. पलीकडं माणूस बोलला असावा. अण्णा म्हणाले, "हां, सेलूहून. लिहून घ्या. अजून—"

मी कधी उठले ते मला कळलं नाही. पदर डोक्यावर घ्यायचंही भान राहिलं नाही. ओसरीच्या उंबऱ्यात उभी राहून मी म्हणाले, "अण्णा, दोनदा वाजवलंय मी."

अण्णांच्या मांडीवरचा रुमाल खाली पडला. अण्णांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याकडं असं सरळ पाहिलं नव्हतं. फोनमधून "हॅलो, हॅलो, अजून किती?" असं येत होतं. मी उंबरा सोडला नाही.

अण्णा फोनमध्ये म्हणाले, "विका. सगळी विका. अन् उलटा सौदा लावा."

"काका, पाऊस चालूय तिकडं ना?"

"मत मागितलं न्हाई साहेब."

मी आत पळाले ती संध्याकाळचा दिवा लावेपर्यंत बाहेर आले नाही. त्या दिवशी मोंढ्यात पावसाची बातमी मागं पडली. आमचे हे दुकानातून आले ते हसतच. "आज अण्णाशी बोललीस म्हणं तू. गफूरभाई सगळ्यांना सांगायलेत. लोक मला विचारायलेत, खरं का? मी म्हणलं, मला नवल न्हाई, माझ्याशी रोजच बोलती."

उलट्या सौद्यात भाव पडला की नफा, चढला की तोटा. दुसऱ्या दिवशी भाव चढला. तिसऱ्या दिवशी आणखी चढला. गफूरभाई ओसरीत येऊन भाव तेवढा सांगून गेले. अण्णांनी पेढे आणले. त्यातला एक ताटलीत ठेवून मधल्या खोलीच्या दाराशी सरकवला. मी तो तसाच झाकून ठेवला. माझ्या एका वाक्यानं या माणसाचं किती नुकसान झालं असेल, हेच डोक्यात.

पण चौथ्या दिवसापासून भाव जो घसरायला लागला तो थांबेचना. रोज पावणेपाचला बघावं तर लाल रेघ आणखी खाली. पुढं पेपरात आलं, गुजरातेत सरकीचे ढीग लागले होते. पाऊस आमच्याकडं पडला होता, माल तिकडं कोरडा होता. सेलूच्या आभाळाला आम्ही साऱ्या देशाचं आभाळ समजून बसलो होतो; मोंढा, गफूरभाई, अण्णा, सगळेच. गफूरभाईंनी स्वतःही पेंड घेतली होती, ती अंगाशी आली. ते आले, अण्णांसमोर बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून म्हणाले, "ऐसेच बैठना ना? शिकवा मला."

आता रोज दुपारी आमच्या ओसरीत दोन म्हातारे हातांवर बसलेले असतात. एकाच्या नाकावर माशी बसली की दुसरा फुंकर मारतो.

होळीला विनायक आला. पुरणपोळी झाल्यावर त्यानं मला विचारलं, "काकू, मोडला का नियम?"

मी मान हलवली. नाही.

"एकदाही?"

"एकदाबी न्हाई," मी म्हणाले. अण्णा ताटाकडं बघत होते, पण त्यांचे कान लाल झाले.

विनायक दिलेल्या शब्दाला जागला. पुण्याचं नाव काढलं नाही. उलट, अण्णांची पद्धत काय आहे ते बघायला लॅपटॉप आणि अण्णांचा फोन घेऊन बसला. बघता बघता थांबला.

"अण्णा, यात तर आपोआप वाजायची सोय आहे. रेघ ओलांडली की तुमचा फोनच वाजेल. सरांनी पहिल्याच दिवशी लावून दिलेली दिसते. ही बंद कोणी केली?"

"मी."

"का? काकूला रोज इथं खिळवून ठेवायची गरजच नव्हती."

"आवाज लय कर्कश हाय त्याचा," अण्णा म्हणाले.

विनायकनं फोन वाजवून दाखवला. सनईसारखा बारीक, मंजूळ आवाज होता. आमची पितळी ताटली त्याच्यापुढं दंगल वाटेल. विनायकनं फोन अण्णांपुढं ठेवला. जाताना मला म्हणाला, "चालू करून ठेवलंय काकू. आता तू सुटलीस."

त्यानंतर काही दिवसांनी लाल रेघ परत वर गेली. गफूरभाई त्या दिवशी आले नव्हते. मला बसायचं कारण नव्हतं, तरी पावणेपाचला मी मधल्या खोलीतच होते. ओसरीत अण्णांचा फोन वाजला. सनई वाजून वाजून थांबली. अण्णांनी फोनकडं पाहिलं नाही. ते समोर रस्त्याकडं बघत तसेच बसून राहिले.

थोडा वेळ वाट पाहून मी बाहेर गेले.

"अण्णा, लाल वर गेली. घ्यायचं म्हणती."

"ऐकू न्हाई आलं मला. परत सांग."

मी परत सांगितलं. त्यांनी फोन उचलला, "घ्या" म्हणाले आणि ठेवला. मी आत वळले तेवढ्यात त्यांनी विचारलं, "कितीशी वर गेली?"

हे त्यांच्या पद्धतीत कुठंच विचारायचं नसतं. वर म्हणजे वर. तरी मी आत जाऊन पडदा बघून आले.

"थोडीशीच हाय."

"थोडीशीच? कामून बरं?"

मी खांबाला टेकून खाली बसले, आणि मला वाटत होतं ते सांगायला लागले.